छाप कुणाची, गळा कुणाचा?

सहा डिसेंबर म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, आणि ते बरोबरच आहे. १९५६ सालच्या त्या दिवशी आपला बाप गेला. खालापूर-कर्जतकडची आपली माणसं भाकऱ्या बांधून, मिळेल त्या गाडीने चैत्यभूमीला जातात, रांगेत उभी राहतात, पुस्तकं घेऊन परततात. पण याच तारखेला, बरोब्बर सतरा वर्षं आधी, ६ डिसेंबर १९३९ रोजी आपल्याच जातीतली एक बाई मेली. तिच्यासाठी कुठे रांग लागली नाही. तिचं नाव पवळा. पवळा तबाजी भालेराव. तमाशाच्या जगात हिवरगावकरीण म्हणून ओळखली गेली, 'नामचंद पवळा' म्हणून मुंबईपर्यंत गाजली.

तुमच्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? आणि ज्यांनी ऐकलंय त्यांनी कसं ऐकलंय? 'पठ्ठे बापूरावांची पवळा.' असंच ना? सगळी गोम त्या 'ची'मध्ये आहे. म्हैस पाटलाची, विहीर देशमुखाची, तशी पवळा बापूरावांची. हा 'ची' सोडवायचा म्हणून मी लिहायला बसलोय.

मी इतिहासाचा मास्तर नाही. कॉलेजची पायरी चढलो नाही. पाताळगंगेच्या काठी, रसायनीच्या कारखानदारीत धाग्याच्या गिरणीत पाळीवर असतो. वाचलं ते सुट्टीच्या दिवशी, जागरणाच्या डोळ्यांनी. पण एक गोष्ट मला गिरणीने शिकवली, ती पुस्तकात मिळत नाही. आम्ही आठ तास उभे राहून धागा काढतो. तो बॉबिनवर चढतो, बॉबिनवर लेबल चिकटतं, आणि लेबलावर मालकाचं नाव असतं. धागा तुटू न देणाऱ्या हाताचं नाव कुठेच नसतं. तमाशाचा इतिहास मी वाचला तो हे ध्यानात ठेवून. लेबल कुणाचं, हात कुणाचा?

आता पवळाची गोष्ट.

तिचा जन्म १२ ऑगस्ट १८७० चा. गाव हिवरगाव पावसा, तालुका संगमनेर, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांना हे नाव आज टोलनाक्यामुळे माहीत असतं. गाड्या थांबतात, पैसे कापले जातात, दांडा वर जातो. या गावची एक बाई एकेकाळी अख्ख्या महाराष्ट्राला थांबवून ठेवत होती, हे तिथे थांबणाऱ्यांतल्या कितीजणांना माहीत असेल?

आईबापांनी तिला खंडोबाला वाहिली. म्हणजे मुरळी केली. तरुण पोरांना हा शब्द आता गाण्यातून माहीत असतो, म्हणून नीट सांगतो. नवस बोलायचा, मूल जगू दे, एक लेक तुझ्या पायाशी घालतो. लेक वाढली की भंडारा उधळून तिचं लग्न देवाशी लावायचं. देवाशी लग्न लागलं की माणसाशी लागायचं नाही. देव काही भाकर आणून घालत नाही. मग तिने वाघ्याबरोबर रात्रभर जागरणात उभं राहायचं, गायचं, कोटंबा पुढे करून मागायचं. आणि ज्या गावाने तिला देवाची बायको म्हटलं, त्याच गावाच्या बाप्यांनी तिच्यावर हक्क सांगायचा. पाणवठ्यावर ती बाटवणारी, रात्री मात्र कुणाचंच सोवळं मोडत नव्हतं.

पण यात एक गोष्ट आपण बघत नाही. रात्रभर जागरण गाणारी पोर गळा कमावते. उघड्या रानात, कर्ण्याशिवाय, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायला शिकते. ताल पायात भरून घेते. वरच्या जातीच्या पोरीला जे शिकायला बंदी होती ते या पोरीला शिकावंच लागलं. व्यवस्थेने तिला खड्ड्यात ढकललं आणि त्या खड्ड्यात तिने विद्या मिळवली. ही विद्या कुणी दान दिलेली नव्हती. पवळाला कुणी घडवली असं जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा ही गोष्ट विसरू नका.

त्या काळात मुरळी सोडवण्याचं काम आपल्यातल्याच माणसांनी सुरू केलं होतं. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढलं आणि मुरळीच्या चालीवर कोरडे ओढले. शिवुबाई नावाच्या एका मुरळीने त्यांच्या पत्रात आपली कैफियत लिहिली. अस्पृश्य बाईने स्वतःच्या देहाची कहाणी स्वतः छापून आणली, त्या काळात! आणि गणपतराव गायकवाड नावाच्या कार्यकर्त्याने नुसत्या टाळ्या न वाजवता पुढे होऊन तिच्याशी लग्न केलं. आपल्या चळवळीचा हा पाया आहे. शिवुबाईने लेखणी उचलली. पवळा त्याच काळात ढोलकीपुढे उभी होती. एक मुरळी त्या जिण्यातून बाहेर पडली, दुसरी त्याच जिण्यात राहून सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून गायली. इतिहासात दोघींना जागा पाहिजे.

तमाशा कुणाचा होता ते आधी बघू. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं, झांज ही वाद्यं वाजवणारे हात महारामांगांचे. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग हा सगळा डोलारा आपल्या माणसांच्या खांद्यावर. सोंगाड्याचा हजरजबाब आपल्या वस्तीतला. गावकीत तोंड दाबून ठेवलेल्या माणसाला तिथेच रात्रीपुरता पाटलाची टिंगल करायचा परवाना मिळायचा. सकाळी तोच माणूस पाटलाला जोहार घालायचा. ढोलकीच्या फडात बाई नसायची. नाच्या पोऱ्या असायचा. कोवळ्या पोराला लुगडं नेसवायचं, वेणी घालायची आणि बाईची लचक करायला लावायची. अशा फडावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून पवळाचं नाव घेतलं जातं. पहिली म्हणजे काय याचा विचार करा. कुणी वाट दाखवायला नव्हतं. पुढे जी शेकडो बायांची रांग लागली, त्यातली सगळ्यात मोठी विठाबाई नारायणगावकर, जिला १९५७ साली आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, ती रांग पवळापासून सुरू होते.

मग येतात पठ्ठे बापूराव. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, आताच्या सांगली जिल्ह्यात. जातीने ब्राह्मण, घरात कुलकर्णपण. या माणसाला लावणीचं वेड लागलं आणि तो वतन, घर, सोवळं सोडून महारामांगांच्या फडात येऊन बसला. त्याची लेखणी जबर होती, यात वाद नाही. त्याचं धाडसही खरं होतं. मी ते नाकारत नाही. पवळा आणि बापूराव एकत्र आले आणि तमाशाला असे दिवस आले की मुंबईच्या पिला हाऊसकडच्या थेटरांत तिकीट काढून लोक बसू लागले. घाटावरून गिरणीत आलेला कामगार आठवड्याच्या पगारातली चवली मोडून पवळाला बघायला जायचा. १८६३ साली बोरघाट फोडून कर्जतवरून जी आगगाडी पुण्याला जोडली गेली, त्याच गाडीने गिरणीचा माणूसही मुंबईत उतरला आणि तमाशाचा फडही. बापूरावांचा 'मिठाराणी'चा वग तर पवळाच्या नावाशीच बांधला गेला. महाराची लेक राणी होऊन उभी राहायची आणि समोर सगळ्या जातींचे बाप्ये फेटे उडवायचे.

आता लेबलाकडे या.

शाहिराच्या रचनेच्या शेवटी त्याची छाप असते. छाप म्हणजे नाव. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो, म्हणजे रचना चोरीला जात नाही. बापूरावांच्या रचनेत बापूरावांची छाप. ठीक आहे, ज्याने लिहिलं त्याने नाव घालावं. पण दोस्तांनो, लावणी म्हणजे काय नुसता कागद? कागदावरची लावणी मेलेली असते. ती उठते कशाने? गळ्याने, पायाने, नजरेने, कुठल्या शब्दावर थांबायचं आणि कुठला शब्द गिळायचा या हुशारीने. समोरच्या हजार माणसांचा अंदाज घेत एकच ओळ तीन तऱ्हेने फिरवायची, हे काम कोण करत होतं? पवळा करत होती. आणि गंमत बघा, त्या लावणीच्या शेवटी बापूरावांचं नाव तिनेच गायचं. रोज रात्री, हजारो माणसांसमोर, आपल्या कष्टावर दुसऱ्याच्या नावाचा शिक्का तिनेच मारायचा. आम्ही बॉबिनवर लेबल चिकटवतो, अगदी तसंच.

पुढे शिक्का पक्का झाला. पुस्तकं निघाली ती बापूरावांच्या लावण्यांची. १९५० साली बोलपट निघाला त्याचं नावही 'पठ्ठे बापूराव'. पवळाचा आवाज मी ऐकलेला नाही. तुम्हीही ऐकलेला नाही. शब्द छापखान्यात गेले म्हणून राहिले. गळा मातीत गेला.

आणखी एक हिशेब आहे, तो जातीचा. बापूरावांची गोष्ट सांगताना पांढरपेशे लेखक गहिवरतात. काय त्याग! ब्राह्मण असून महारणीसाठी जात सोडली! समाजाने वाळीत टाकलं, शेवटी २२ डिसेंबर १९४५ ला पुण्यात हलाखीत मेला! हलाखी खरी होती, आणि माणूस कुठलाही असो, उपाशी मेला तर वाईटच. पण मला सांगा, पवळाने काय सोडलं हे कुणी विचारलंय? तिला सोडण्यासारखं काही दिलंच नव्हतं. ब्राह्मणाला जात सोडता येते आणि सोडली की त्याचं नाव होतं. महाराची जात त्याला सोडत नाही. बापूराव महारवाड्यात आले हा इतिहास झाला. पवळा महारवाड्यात जन्मली ही नुसती जनगणना झाली. दोघांचं पुढे फाटलं. त्यानंतरच्या बापूरावांच्या दिवसांवर लोकांनी पानं भरली, पवळाच्या वाट्याला त्या पानांच्या तळाची एखादी ओळ आली.

इथे मला सातासमुद्रापलीकडच्या काही बाया आठवतात. आपल्या पँथरने १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या ब्लॅक पँथरवरून. आपण त्यांच्या बंदुका बघितल्या, त्यांच्या कविता वाचल्या. त्यांच्या गाणाऱ्या आयांकडे आपण फारसं बघितलं नाही.

तिकडे ब्लूज नावाचं गाणं आहे. कापसाच्या शेतातल्या, गुलामीतून कागदावर सुटलेल्या माणसांचं गाणं. दुःख, उपास, बेइमान नवरा, तुरुंग, दारू आणि या सगळ्यावर हसणं. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ नावाच्या काळ्या बाईने 'क्रेझी ब्लूज' हे गाणं तबकडीवर भरलं. तोवर गोऱ्या कंपन्यांना वाटत होतं, काळी माणसं कुठे तबकड्या विकत घेणार? तबकडी हजारोंनी खपली. मग कंपन्या धावल्या. त्यातली मा रेनी ही खरी तमाशातली बाई. गावोगाव तंबू ठोकून खेळ करणारी, सोन्याच्या नाण्यांची माळ घालणारी, सोन्याचे दात चमकवणारी. आपल्या फडासारखाच कनातीचा संसार. १९२३ ते १९२८ या काळात तिने शंभराच्या आसपास गाणी भरली, त्यातली कितीतरी तिने स्वतः रचलेली. ज्या कंपनीने ती भरून घेतली तिचा मूळ धंदा खुर्च्या बनवण्याचा होता. लाकडी खुर्ची विकायची तशी काळ्या बाईची हाक विकली. तिच्या पाठोपाठ आलेली बेसी स्मिथ हिच्या तबकड्या देशभर वाजल्या, पण कंपनीने तिला गाण्यामागे ठरलेली रक्कम दिली, खपाचा वाटा दिला नाही. १९३७ साली ती मोटार अपघातात गेली आणि १९७० सालापर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता.

मा रेनी मेली २२ डिसेंबर १९३९ ला. पवळानंतर सोळा दिवसांनी. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला होता: घरकाम. ज्या बाईला ब्लूजची आई म्हणत, तिचा कागदावरचा धंदा घरकाम!

पण एक फरक आहे, तो नीट ध्यानात घ्या. पैसे गोऱ्याने खाल्ले, पण तबकडीच्या लेबलावर गाणारणीचं नाव होतं. मेमी स्मिथ. मा रेनी. बेसी स्मिथ. म्हणून आज त्यांचा आवाज कुणालाही ऐकता येतो आणि त्यांच्या नावाने वाद घालता येतो. तिकडच्या शिकलेल्या काळ्या लोकांनाही आधी या बायांची लाज वाटत होती. चर्चमधले म्हणायचे हे सैतानाचं गाणं. पण पुढच्या पिढीने लाज टाकली. अँजेला डेव्हिस, जी स्वतः तुरुंगात गेलेली लढाऊ बाई, तिने १९९८ साली मा रेनी, बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडे यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि दाखवलं की या बायांच्या गाण्यात काळ्या कष्टकरी बाईचं स्वतःचं मन, स्वतःची अक्कल बोलत होती.

आपण काय केलं?

आता मी नाजूक जागी येतोय. सांभाळून वाचा, पण वाचा.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा त्याला कुलाबा म्हणत. २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळ उचलली. त्या वेळची एक हकीकत आपल्याकडे तोंडोतोंडी चालत आलीय. म्हणतात की पठ्ठे बापूराव बाबासाहेबांकडे गेले आणि म्हणाले, माझ्या तमाशाच्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला देतो. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महाराच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्यांचा रोख होता, असं सांगतात.

ही हकीकत आपण छाती फुगवून सांगतो. सांगावी. हा नकार बरोबर होता, असं मी ठासून म्हणतो. जी चळवळ माणसाला माणूस करायला निघालीय तिने बाईच्या देहाच्या धंद्यावर उभं राहू नये. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली नव्हती त्या माणसाने आलेला पैसा परत केला, ही साधी गोष्ट नाही.

पण हकीकत पुन्हा एकदा सांगा, आणि त्यात माणसं मोजा. पैसा घेऊन आला तो मालक. पैसा नाकारला तो नेता. आणि ज्या बाया नाचल्या त्या? या गोष्टीत त्यांना एक वाक्यसुद्धा नाही. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, तुझ्या घामाचं काय करायचं? बाबासाहेबांनी नाकारला तो मालकाचा नफा. आपण मागाहून त्या नकाराचं टोक वळवलं आणि त्या बायाच नाकारल्या. पैसा नाकारणं वेगळं, माणूस नाकारणं वेगळं. ही गल्लत आपली आहे, बाबासाहेबांची नाही.

कशावरून नाही? १९३६ सालावरून. १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली. समोर कोण बसलं होतं? मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, आराधी, वाघे, पोतराज. बाबासाहेब त्यांना म्हणाले, हे लाजिरवाणं जिणं सोडा. पोटाचं काय असं विचाराल तर जगायला शेकडो वाटा आहेत, पण ही वाट सोडा. बोलणं कडक होतं. ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी बायांच्या काळजाला लागलं असेल. पण बघा, ते त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांना बाया म्हणून, माणूस म्हणून, चळवळीतल्या भागीदार म्हणून समोर बसवलं आणि तोंडावर बोलले. तुम्ही बिघडलेल्या आहात, लांब बसा, असं म्हणाले नाहीत. त्या दिवशी पवळा जिवंत होती. सहासष्टावं वर्ष तिला लागलेलं होतं. आयुष्याची मुरळी झालेली, फडावर राज्य केलेली, आणि आता म्हातारी. दामोदर हॉलमधलं ते बोलणं तिच्यासारखीच्या जिण्याबद्दल होतं.

याच काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडे भीमराव कर्डकांचा जलसा गाजला. गावोगाव रात्री कंदिलाच्या उजेडात जलसा लागायचा आणि सभेला न येणारा माणूस जलशाला यायचा. जलशाने तमाशाचं काय घेतलं? ढोलकी घेतली. चाल घेतली. सवाल-जवाबाची रीत घेतली. वगाचा सांगाडा घेतला. काय टाकलं? गणातला गणपती टाकला, गवळणीतला कृष्ण टाकला, शृंगार टाकला. उत्तम केलं. पण त्याबरोबर बाईही टाकली. बाईचं काम पुन्हा लुगडं नेसलेल्या बाप्याकडे गेलं. पवळाने नाच्या पोऱ्याला हटवून मिळवलेली जागा आपल्याच मंचावर आपल्याच लोकांनी परत घेतली. कारण कळतं. गावात लोकांची नजर घाण होती, आपल्या लेकीबाळींना त्या नजरेपुढे उभं करायचं नव्हतं. इज्जत ही आपल्याला नुकतीच मिळत होती, ती सांडू नये म्हणून जपत होतो. पण इज्जत जपायची म्हणजे बाईचा आवाज बंद करायचा, हे गणित मनूचं आहे. ते आपल्या वहीत कसं आलं, याचा विचार आपण करायला पाहिजे.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. आपल्या पट्ट्यात एप्रिलमध्ये जयंतीचे फलक लागतात ते वाचा. मोहोपाड्यापासून खोपोलीपर्यंत कुठेही उभे राहा. वर साहेबांचे फोटो, मध्ये भाऊंचे फोटो, खाली गायकाचं नाव ठळक अक्षरात, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात दोन शब्द: 'आणि संच'. त्या संचात बायका असतात. कोरसला उभ्या राहतात, मुख्य गायकाचा घसा बसला की अख्खं गाणं तोलून धरतात, रात्री दोनला टेम्पोत बसून घरी जातात, सकाळी कामावर. त्यांचं नाव 'आणि संच'. पवळाला निदान 'बापूरावांची' तरी म्हणायचे.

मी असं म्हणत नाही की पवळाला देवी करा, तिचा पुतळा उभा करा, तमाशा म्हणजे आपली थोर संस्कृती म्हणून मिरवा. असले गळे आजकाल तेच लोक काढतात ज्यांच्या घरच्या बायांना कधी चाळ बांधावे लागले नाहीत. सरकारी रंगमंचावर नऊवारी नेसून, शिट्ट्या वाजवून घेऊन, लावणी 'महाराष्ट्राची शान' झाली. त्यात महाराची पवळा कुठे आहे? मांगाची विठाबाई एवढी मोठी, तिचा शेवट कसल्या तंगीत झाला? शान त्यांची आणि लाज आपली, ही वाटणी मला मान्य नाही.

आणि असंही म्हणत नाही की तिचं जिणं चांगलं होतं. मुरळी करणं हा गुन्हा होता. तो धर्माच्या नावाने एका लहान पोरीवर केलेला गुन्हा होता. पण गुन्हा जिच्यावर झाला तिलाच आपण आरोपी करून पिंजऱ्यात उभं केलं. गिरणीत ज्याचा हात पट्ट्यात सापडतो त्याला आपण विचारत नाही की तू पट्ट्याजवळ गेलास कशाला. आपण मालकाला विचारतो की पट्ट्याला जाळी का नव्हती. पवळाच्या बाबतीत मात्र आपण हातालाच जाब विचारतो.

हे काम सुरू झालंय, एवढं सांगायला मला आनंद वाटतो. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून चळवळीतल्या बायांची नावं एकेका वस्तीत जाऊन गोळा केली. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि जात यांची गाठ उलगडून दाखवली. २०२२ साली शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या इंग्रजी पुस्तकात तमाशातल्या दलित बायांचा इतिहास लिहिला, त्यात पवळा आहे. पुण्यात येरवड्याच्या वस्तीत वाढलेली आपलीच बाई ती, २०२४ साली अमेरिकेत तिच्या कामाचा मॅकआर्थर फेलोशिप देऊन मोठा गौरव झाला. पण इंग्रजी पुस्तक मोहोपाड्याच्या चाळीत पोचत नाही. पोचवायचं काम आपलं. सायक्लोस्टाईलच्या शाईने हात काळे करून आपण हे पान काढतो ते त्यासाठीच.

म्हणून कामाचं बोलतो.

तुमच्या घरात, शेजारात, आळीत एक तरी म्हातारी अशी असेल जी गायची. जात्यावर, लग्नात, जागरणात, जयंतीला, मोर्च्यात पुढे राहून. कर्जतला असेल, नेरळला असेल, चौकला असेल, खोपोलीच्या कामगार वस्तीत असेल. तिच्याकडे वही घेऊन बसा. पहिल्यांदा तिचं नाव लिहा, पुरं नाव, माहेरचंसुद्धा. मग गाव. मग ती काय गायची आणि ते कुणाकडून शिकली. गाणं तिने रचलेलं असेल तर तसं ठळक लिहा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, तिची परवानगी घेऊन आवाज भरून घ्या. पवळाच्या वेळी कुणी भरला नाही, आता तुमच्याकडे सबब नाही. ती तमाशात होती असं म्हणाली तर नजर खाली घालू नका. तिला विचारा, किती उचल मिळायची, फेडली कशी, मालक कोण, रात्री कुठे झोपायचात, पोरं कुणाकडे ठेवायचात. हा कामगाराचा इतिहास आहे, तो कामगाराच्या इतिहासासारखाच लिहा.

आणि जयंतीच्या फलकाचा मजकूर तुमच्या हातात असेल तर 'आणि संच' हे दोन शब्द खोडा. त्या जागी नावं लिहा. जागा कमी पडली तर भाऊंचा फोटो थोडा लहान करा.

जय भीम.